छापा सगळे बघतात, काटा वाचा : रोमन चांदीची नाणी (देनारियस)

टांकसाळी :
रोमन नाणी जमवायला लागलं की पहिला हट्ट "बारा सीझर (रोमचे पहिले बारा सत्ताधीश) पूर्ण करायचे" हा असतो. मग ओथो आडवा येतो. तो इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता, त्यामुळे नाणी कमी आणि भाव चढा. निम्मं बजेट एका चेहऱ्यावर जातं आणि संग्रह तिथेच अडतो. चेहऱ्यामागे न लागता मागच्या बाजूने, म्हणजे काट्याने संग्रह बांधावा असं माझं मत आहे. पैसे कमी लागतात आणि शिकायला जास्त मिळतं.

आधी मोजमापं. देनारियस सुरू झाला इ.स.पू. २११ च्या सुमारास, रोम आणि कार्थेजमधल्या दुसऱ्या प्यूनिक युद्धात. किंमत १० अ‍ॅस (अ‍ॅस म्हणजे रोमचं ब्राँझचं नाणं), म्हणून सुरुवातीच्या नाण्यांवर रोमा देवीच्या डोक्यामागे दहाचं चिन्ह, फुलीसारखं. पुढे इ.स.पू. १४० च्या आसपास किंमत १६ अ‍ॅस झाली, नाव मात्र "दहाचं" तेच राहिलं. आणे जाऊन किती वर्षं झाली, तरी आपण "बारा आणे काम झालं" म्हणतोच की. एका रोमन पौंडात आधी ७२ नाणी पाडत (सुमारे ४.५ ग्रॅम), मग ८४ (३.९ ग्रॅम), आणि नीरोने इ.स. ६४ मध्ये ९६ केली (३.४ ग्रॅम). व्यास १७ ते २० मिमी.

आता काटा. देवळात विष्णूची मूर्ती ओळखताना चेहरा कोण बघतं? शंख कुठल्या हातात, चक्र कुठल्या, गदा वरच्या हातात की खालच्या, यावरून केशव की माधव की त्रिविक्रम ते ठरतं. रोमन नाण्यांवरच्या देवतांचंही तसंच. सगळ्या उभ्या, सगळ्यांची वस्त्रं घोळदार, बहुतेकींची तोंडं डावीकडे. फरक हातातल्या वस्तूंत.

जहाजाचं सुकाणू आणि फळांनी भरलेलं शिंग दिसलं की फॉर्च्युना. दोन साप गुंडाळलेली काठी असेल तर फेलिसिटास. ऑलिव्हची डहाळी असेल तर पाक्स. पसरट वाटीतून सापाला पाजते ती सालुस, आरोग्याची. हातात ठिपक्यांची चौकोनी फळी असेल तर लिबरालिटास: ती मोजणीची फळी आहे, बादशहाने लोकांना पैसे वाटले त्याची खूण. आणि माझी आवडती स्पेस, म्हणजे आशा. उजव्या हातात फूल वर धरलेलं आणि डाव्या हाताने निऱ्या किंचित उचलून पाऊल पुढे. ही ढब एकदा डोळ्यांत बसली की लेख (नाण्यावरची अक्षरं) पूर्ण झिजलेल्या नाण्यावरही ती चुकत नाही.

तराजू आणि शिंग असेल तर घोळ. एक्विटास आणि मोनेटा दोघींच्याही हातात तेच. लेखात नाव असेल तर ठीक, नसेल तर नाण्यांच्या छापील सूचीत जे म्हटलंय ते लिहायचं. वाद घालू नये.

मुद्राराक्षस :
काका, एका नाण्यावर अडलोय. वजन ३.१८ ग्रॅम, व्यास १८ मिमी. छाप्यावर दाढीवाला, डोक्यावर पानांचा मुकुट, तोंड उजवीकडे. लेखाची वरची उजवी बाजू झिजलीय, पण "हाड्र" स्पष्ट वाचता येतं, म्हणजे बादशहा हेड्रियन. काट्यावर उभी स्त्री, हातात कणसं, बाजूला पायलीसारखं माप, त्यातूनही कणसं वर आलेली. लेखाच्या शेवटी "कॉस" आणि चार उभ्या रेघा. देवी सेरेस का?

टांकसाळी :
सेरेस असती तर हातात सहसा कणसांबरोबर मशाल असती. कणसं आणि माप म्हणजे अन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता. ते माप म्हणजे मोडियस, सुमारे पावणेनऊ लिटरचं, आणि "पायलीसारखं" हे वर्णन चपखल आहे. मापाच्या मागे किंवा पायाशी जहाजाची नाळ (पुढचं टोक) आहे का बघ. रोमचं धान्य इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून समुद्रमार्गे यायचं, म्हणून काही नाण्यांवर अन्नोनाजवळ जहाज असतं.

पण तुझ्या नाण्यात दुसरीच भानगड आहे. "कॉस" म्हणजे कॉन्सल, रोममधलं एक मोठं सरकारी पद, पुढचे आकडे कितव्यांदा ते सांगतात. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला इ.स. ११९ मध्ये आणि १३८ मध्ये मरेपर्यंत पुन्हा झालाच नाही. त्यामुळे त्याच्या नाण्यांवर १९ वर्षं "कॉस तीन" आहे. चार रेघा येणारच नाहीत.

लेस्टरकर :
मग सरळ सरळ हायब्रिड दिसतंय. छापा एका राजाचा, काटा दुसऱ्याचा. हे बहुतेक वेळा मुलामा दिलेल्या प्राचीन बनावट नाण्यांत दिसतं. तांब्याच्या गोळीवर चांदीचा पत्रा चढवून ठसा मारायचा. ठसे जसे हाती लागतील तसे वापरले की जोड्या चुकतात. संग्राहक अशा नाण्याला फुरे म्हणतात. कडेला किंवा नाकाच्या, गालाच्या उंचवट्यावर चांदी फाटून तांबं किंवा हिरवा ठिपका दिसतो का? वजन ३.१८ म्हणजे फार कमी नाही, तरी घनता काढच.

पद्धत सोपी आहे, पण वजनकाटा ०.००१ ग्रॅमचा हवा. ०.०१ चा वापरलात तर एवढ्या लहान नाण्यात शेवटच्या आकड्याच्या चुकीने घनता ०.३ ने इकडेतिकडे होते, आणि नेमका तेवढाच फरक आपल्याला बघायचा असतो.

१. नाणं कोरडं तोला.
२. वजनकाट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत.
३. शिवणाच्या दोऱ्याचा फास पाण्यात सोडून काटा शून्य करा.
४. त्याच फासात नाणं अडकवून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. दोरा वर वेगळ्या आधाराला बांधलेला हवा, काट्यावर नव्हे.
५. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

शुद्ध चांदी १०.५, तांबं ८.९६. फुरे साधारण ९.१ ते ९.४ च्या घरात येतं. एक सावधगिरी: नाणं सच्छिद्र झालेलं असेल तर छिद्रांतल्या हवेमुळे आकडा खोटा खाली येतो. तेव्हा एकट्या घनतेवरून फाशी देऊ नये.

सराफकट्टा :
त्यापेक्षा पेढीवर मशीनवर टंच (चांदीची शुद्धता) काढून घ्या ना. दोन मिनिटांचं काम. आणि जुनी रीत म्हणजे फरशीवर टाकायचं. चांदी असेल तर खणखणीत वाजेल.

लेस्टरकर :
टंच काढण्याचं मशीन धातूचा वरचा पातळ थर वाचतं. फुरेवर तो थर चांदीचाच असतो, त्यामुळे मशीन खुशाल "चांदी" सांगेल. अस्सल नाण्यातही गडबड होते. मिश्रधातूच्या पृष्ठभागातलं तांबं शतकानुशतकं जमिनीत झिरपून जातं आणि वर चांदी जास्त उरते. मशीन ९२ दाखवतं, आत ८० असते.

वाजवून बघणं तर अजिबात नको! "खणखणीत नाणं" ही म्हण नव्या चांदीची आहे. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते. अस्सल नाणं बद्द वाजू शकतं, आणि फरशीवर पडून बिस्किटासारखं दोन तुकडे होऊ शकतं. तुटलेल्या कडेवर साखरेच्या खड्यासारखी चमक दिसली तर ते हेच. कसोटीचा दगडही नको, कडेला ओरखडा राहतो.

आधुनिक बनावटीसाठी भिंग घ्या, १० पट पुरे. ओतीव नकलेत अक्षरांचे पाय गुळगुळीत, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे. अक्षरांच्या खाचांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. कडेला जोड असतो किंवा तो कानशीने घासल्याची खूण असते. हातोड्याने पाडलेल्या नाण्यात धातू कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेषा दिसतात आणि कडेला छोट्या चिरा असतात. चिरेला घाबरू नका, ती चांगली खूण आहे. सगळ्यांत वाईट नकला म्हणजे अस्सल नाण्यावरून ठसा बनवून पुन्हा पाडलेल्या. त्या एकट्या बघून सापडत नाहीत. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे एकच ओरखडा, एकाच जागी कापलेला लेख दिसला की समजायचं. म्हणून घेण्याआधी जुन्या लिलावांच्या फोटोंशी ताडून बघा.

पश्चिमघाट :
भारताशी खरा संबंध असलेलं एक नाणं इथे यायलाच हवं. ऑगस्टसचा गायुस-लुसियस देनारियस, फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीचा. नवशिक्याने पहिलं हेच घ्यावं. भरपूर सापडतं आणि चित्रात पाहण्यासारखं खूप आहे.

काट्यावर मधोमध दोन गोल ढाली, जमिनीवर टेकवलेल्या. दोन्ही बाजूंना टोगा (रोमन पुरुषांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) नेसलेली दोन मुलं, ऑगस्टसने दत्तक घेतलेले त्याचे नातू, एकेक हात ढालीवर. ढालींमागे भाले उभे. वर दोघांच्या मधे दोन पूजासाहित्यं: एक पळी (सिम्पुलम) आणि एक वरून वळलेली काठी (लिटुअस, शकुन बघणाऱ्याची). संध्येतल्या पळीसारखीच पळी आहे म्हणा ना. गंमत अशी की काही ठशांत पळी डावीकडे, काठी उजवीकडे, काहींत उलट, आणि काठीचं वळणही कधी आत कधी बाहेर. प्रकार ठरतात ते याच अर्ध्या सेंटीमीटरवर, म्हणून नेमका तोच भाग झिजलेलं नाणं स्वस्त असलं तरी घेऊ नये. लुसियस इ.स. २ मध्ये गेला, गायुस ४ मध्ये. वारस राहिले नाहीत, नाणं मात्र ढिगाने उरलं.

हे आणि टायबेरियसचं बसलेल्या स्त्रीचं नाणं, ही दोन दक्षिण भारतात सगळ्यांत जास्त सापडतात. तेलंगणातल्या अक्कनपल्लेच्या साठ्यात दीड हजारावर देनारी होते, आणि त्यांत इथे बनवलेल्या नकलाही. नकलेत चित्र ओळखू येतं, पण लेख म्हणजे नुसत्या रेघा आणि गोल. कारागिराला अक्षर येत नव्हतं, हात मात्र चांगला होता. रोमन लेखक प्लिनीने श्रीलंकेच्या राजाची गोष्ट दिलीय: वाऱ्याने भरकटत आलेल्या रोमन माणसाकडचे देनारी त्याने बघितले, आणि चेहरे वेगवेगळे असूनही वजन सारखं भरतं याचं त्याला कौतुक वाटलं.

महाराष्ट्रात मात्र देनारी फारसे मिळत नाहीत. पेरिप्लस हा जुना ग्रीक सागरप्रवासाचा ग्रंथ म्हणतो की भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी येत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यात नफा व्हायचा. पश्चिमेकडची ही चांदी क्षत्रपांनी वितळवून स्वतःची नाणी पाडली असावीत, असं एक मत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली ती क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्य आणि उज्जैन चिन्ह पुन्हा ठोकलेलं. नहपानाचा चेहरा अर्धा, त्यावर चैत्याच्या कमानी. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरांतला लेख असतो, पण वजन देनारियसचं नाही, इंडो-ग्रीक द्रम्माच्या परंपरेतलं आहे. त्यामुळे "ही रोमन नाण्याची नक्कल" असं लेबल लावून विकणाऱ्याकडून घेऊ नका.

टांकसाळी :
पुन्हा ठोकण्यावरून आठवलं. रोममध्येही हेच झालं. कॅराकल्लाने २१५ मध्ये दोन देनारींच्या किमतीचं नाणं काढलं, पण त्यात चांदी दीड देनारीचीच. संग्राहक त्याला अँटोनिनिआनस म्हणतात. ओळख सोपी: राजाच्या डोक्यावर पानांऐवजी किरणांचा मुकुट, राणीच्या खांद्याखाली चंद्रकोर. सन २५० च्या सुमारास डेसियसच्या काळात जुने देनारी गोळा करून त्यांवरच हा नवा ठसा मारला. किरणांच्या मागून जुन्या लेखाची दोनतीन अक्षरं डोकावतात. अशी नाणी "खराब छपाई" म्हणून स्वस्तात मिळतात. सोडू नका. पुढे २६०-७० पर्यंत चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली, वर नुसता पांढरा मुलामा.

मुद्राराक्षस :
मार्क अँटनीच्या सैन्याच्या नाण्यांत चांदी कमी असते हे खरं का? सगळीच इतकी झिजलेली का दिसतात?

पश्चिमघाट :
खरं आहे, आणि झीज त्याचमुळे आहे. इ.स.पू. ३२-३१, अ‍ॅक्टियमच्या लढाईआधी सैनिकांना पगार द्यायला पाडली. छाप्यावर वल्ह्यांचं गलबत, काट्यावर दोन निशाणांमधे गरुड आणि खाली लीजनचा (सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) क्रमांक. चांदी हलकी होती, मग लोकांनी चांगली नाणी घरात दडवली आणि ही बाजारात फिरवली. दोनशे वर्षांहून जास्त फिरत राहिली. गरुड पुसट असला तरी चालेल, क्रमांक वाचता आला पाहिजे. नवव्या लीजनसाठी पाचाच्या चिन्हापुढे चार रेघा दिसतात, त्यात गोंधळू नका. पहिल्या लीजनचं नाणं कुणी देऊ केलं तर आधी शंका घ्या. पुढची रेघ खरवडून आकडा कमी केलेला असतो.

सराफकट्टा :
काळी पडलेली नाणी साफ कशाने करायची? आमच्याकडे चांदीची भांडी रांगोळीने घासतात, चकचकीत होतात.

लेस्टरकर :
रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, चांदी उजळायचं तयार द्रावण, यातलं काहीही नको. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. स्पेसच्या निऱ्या एका दुपारीत जातील. तो काळसर थर चांदीचा सल्फाइड आहे, पातळ आणि सारखा असेल तर तोच खालच्या धातूचं रक्षण करतो, आणि चित्र उठून दिसतं तेही त्यानेच. घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो, भाव निम्म्यावर येतो.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दोन दिवसांनी पाणी बदला, तीन-चार वेळा. मऊ झालेली माती बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या टूथपिकने काढा, सुईने नाही. चिकट हिरवट थर असेल तर तो बहुधा पीव्हीसी पाकिटाचा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात दहा मिनिटं, खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. राखाडी-जांभळट मेणासारखे कठीण पापुद्रे म्हणजे चांदीचा क्लोराइड. तो फोटोग्राफीच्या हायपोत विरघळतो, पण खाली खड्डे निघतात. बहुतेक वेळा न काढणंच शहाणपणाचं.

ठेवायला पीव्हीसी नसलेली पाकिटं. रबरबँड, लोकरी कापड, सागाची पेटी टाळा. नाणं कडेने धरा, आणि हातात घेताना खाली मऊ टॉवेल अंथरा.

टांकसाळी :
कायद्याचं थोडक्यात. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू आहे, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मित्राला भेट म्हणूनही नाही. शेतात सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि विकत घेताना नाणं याआधी कुठे कुठे होतं त्याचे कागद मागाच. ब्रूटसचं सोन्याचं नाणं घ्या, दोन खंजीर आणि मधे मुक्त गुलामाची टोपी, सीझरच्या खुनाची जाहीर बढाई. २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेलं. मालकीचा इतिहास खोटा निघाला, आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. आपल्या शे-दोनशे डॉलरच्या नाण्यालाही बिल आणि जुन्या लिलावाचा क्रमांक जपून ठेवा.

मुद्राराक्षस, घनतेचं काय झालं?

मुद्राराक्षस :
कोरडं ३.१८०, पाण्यातला आकडा ०.३१५, भागून १०.१. भिंगाखाली कुठे तांबं नाही, हिरवं नाही. कडेला दोन चिरा. फुरे दिसत नाही. मग चार रेघा कशा?

पश्चिमघाट :
लेख पुन्हा वाच. "हाड्र" दिसलं म्हणून हेड्रियन नव्हे! त्याचा दत्तक वारस अँटोनिनस पायस, त्याच्या पूर्ण नावात "एल हाड्र अँटोनिनस" असं येतं. गादीवर आल्याआल्या त्याने ते वापरलं आणि १५० च्या सुमारास पुन्हा काही काळ वापरलं. तो चौथ्यांदा कॉन्सल झाला १४५ मध्ये. दोघांनाही दाढी, दोघांनाही पानांचा मुकुट. हेड्रियनचे केस कपाळावर कुरळ्या वळ्यांत बसवलेले, अँटोनिनसचा चेहरा लांबट आणि दाढी जरा उतरती. घड्याळातल्या सातच्या जागेपासून वाचत ये, आणि "हाड्र" नंतर डोक्याच्या उजवीकडच्या झिजलेल्या पट्ट्यात तिरपा उजेड टाक. मागच्या बाजूला "टीआर पॉट" नंतर काही आकडा लागतो का तेही बघ, तो ट्रिब्यूनपदाचं वर्ष सांगतो.

घनतेचंही जुळतं. अँटोनिनसच्या देनारींत चांदी साधारण ८० टक्क्यांच्या आसपास, बाकी तांबं. तशा मिश्रणाची घनता १०.१ च्या जवळच येते. १०.४ किंवा १०.५ आली असती तर उलट मला शंका आली असती, कारण आजचे नकलाकार दागिन्याची चांदी वापरतात.

मुद्राराक्षस :
टॉर्च आडवा धरला. "हाड्र" नंतर ए, एन आणि टी चा उभा दांडा. मागे "पॉट" नंतर दहाचं चिन्ह आणि चार रेघा.

पश्चिमघाट :
चौदावं वर्ष, म्हणजे १५०-५१.

लेस्टरकर :
हायब्रिडचं माझं विधान मागे घेतो. चांगलं नाणं आहे.

टांकसाळी :
पाकिटावर शिसपेन्सिलने लिही, बॉलपेन नको, शाई उतरते: अँटोनिनस पायस, देनारियस, रोम, १५०-५१, अन्नोना कणसं व मापासह, ३.१८ ग्रॅम, १८ मिमी, घनता १०.१. आणि जहाजाची नाळ आहे की नाही ते अजून सांगितलं नाहीस. त्यावरून सूचीतला क्रमांक बदलतो.